सतरा नंबरची कॅसेट

वाशीम जिल्ह्यात मालेगावहून शिरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, मुख्य सडकेपासून थोडं आत, उमरगोटा नावाचं माळ्यांचं गाव आहे. कोथिंबीर, जिला तिथे सांभार म्हणतात, मेथी, पालक, वांगी पिकवायची आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं मालेगावच्या बाजारात न्यायची, असा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. २००४ च्या उन्हाळ्यात वाशीमच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मंजुषा मॅडम या गावी आल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर. बहात्तरच्या दुष्काळात बायांनी काय काय सोसलं, ते त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. दोन वर्षांत त्यांनी आसपासच्या गावांतल्या अडतीस बायांशी बोलून अडतीस कॅसेट भरल्या. त्यांतली सतरावी कस्तुराबाईची.

कस्तुराबाई तेव्हा पन्नाशीत होती. तिला मूलबाळ झालं नाही. नवरा हिरालाल आणि त्याचा थोरला भाऊ इंद्रभान एकत्रच राहत, शेतीही एकत्रच होती आणि सगळा कारभार इंद्रभानच्या हाती होता. मळ्यातल्या आंब्याखाली बसून सांभाराच्या जुड्या बांधता बांधता ती मंजुषा मॅडमशी बोलली. खडी फोडायच्या कामावर खायला मिळणारी सुकडी, रेशनातली लाल मिलो ज्वारी, सुजलेले पाय, सगळं सांगितलं. पाऊण तास झाला. मग मॅडमनी पाण्याचं विचारलं.

कस्तुराबाईचे हात थांबले. "बंद कर बाई ते."

मॅडमनी टेप बंद केला. कस्तुराबाईनं तीन जुड्या बांधल्या, पाण्यात बुडवल्या, ओल्या पोत्यावर मांडल्या. मग म्हणाली, "कर चालू. पण हे मी मेल्यावर आयकवजो लोकाईले. मी जित्ती हाय तोवर नाही."

मॅडमनी शब्द दिला आणि बटण दाबलं.

"त्र्याहत्तरचा उन्हाळा होता," कस्तुराबाई सांगू लागली. "याच मळ्यातली विहीर. बुडाले टीचभर पाणी. माही जाऊ गिरजाबाई खाली उतरे अन् वाटी-वाटीनं बकेट भरे. मी वरून दोर ओढो. त्या दिवशी भासरे आले, जाऊचे मालक. जाऊनं कणगीतली पायलीभर ज्वारी आपल्या भावाले देली होती, ते त्याईले समजलं होतं. त्याईनं काठावरून इचारलं, 'देली का?' ती खालून म्हणे, 'देली. पोट्टे मरून राह्यले होते त्याचे.' काठाचे दगड मोकळे झालते. त्याईनं एक धोंडा पायानं सरकवला. हातबी नाही लावला, पायानं. मी दोर धरून उभी होती. ती ओरडली नाही. निसती बकेट वाजली. मंग भासरे माह्याकडे पाहून म्हणे, 'धोंडा निसटला. काय झालं?' मी म्हटलं, 'धोंडा निसटला.' पोलिसपाटलाले तेच सांगतलं. तिच्या भावाले तेच सांगतलं. तिची पोरगी पंचफुला तीन वर्साची होती, ती माह्याच मांडीवर वाढली. तिलेबी तेच सांगतलं. दोन वर्सात त्याईनं दुसरी बायको केली. अन् मी त्याईच्या ताटात अजून भाकर वाढून राह्यली."

कॅसेट संपल्यावर मॅडमनी तिच्या डबीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं ते वाचून दाखवलं: "क्र. १७. कस्तुराबाई. त्यांच्या हयातीत उघडू नये." तेच त्यांनी आपल्या वहीतही लिहून घेतलं. प्रौढशिक्षणाच्या वर्गात कस्तुराबाई सही करण्यापुरती अक्षरं शिकली होती. तिनं पट्टीवरचं आपलं नाव शोधलं, त्यावरून बोट फिरवलं आणि मॅडमला सांभाराच्या चार जुड्या दिल्या.

त्यानंतर तिला बरीच वर्षं बरं गेलं. विहिरीवर गेलं की पूर्वी छातीत धडधडायचं, ते कमी झालं. आपण मेल्यावर का होईना, गिरजाबाईचं कोणीतरी ऐकेल, एवढं तिला पुरेसं होतं. हिरालाल वारला. इंद्रभानची दुसरी बायको गेली. तिचा मुलगा आणि सून तर टेपच्याही आधी, ऋषिकेश तान्हा असतानाच गेले होते, आणि त्या नातवाला कस्तुराबाईनंच वाढवलं होतं. त्याला गोवर झाला तेव्हा नऊ दिवस ती त्याच्या खाटेपासून हलली नाही. तो तिला आजी म्हणायचा, आणि कितीतरी वर्षं त्याला ती सख्खी आजी नाही हेच माहीत नव्हतं.

मंजुषा मॅडम निवृत्त होऊन पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. कॅसेट कॉलेजच्या कपाटात राहिल्या.

२०२३ साली दुष्काळाला पन्नास वर्षं झाली. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या योगिनीनं पीएच.डी.साठी तोच विषय घेतला होता. विभागप्रमुख सरांनी तिला कपाटाची किल्ली दिली. आत अडतीस कॅसेट होत्या, आणि प्लास्टिकच्या डब्यांना काळी बुरशी लागलेली. योगिनीनं डब्या फेकून दिल्या. कॅसेट कापूस आणि स्पिरिटनं पुसल्या आणि प्रत्येकीवर मार्करनं नुसता नंबर घातला. पट्ट्या डब्यांबरोबर गेल्या. काही पट्ट्यांवरची शाई उडालेली होती, बऱ्याच गळून पडलेल्या होत्या; एकेक वाचायला ती थांबली नाही.

मग तिनं सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवल्या. मशीन लावून ठेवायचं आणि तास घ्यायला जायचं. प्रत्येकीची पहिली वीस मिनिटं ती ऐके, विषय टिपून घेई आणि पुढची लावी. महिनाभरात सगळ्या मुलाखती कॉलेजच्या वेबसाइटवर चढल्या. सरांनी पाठ थोपटली.

उमरगोट्याच्या शाळेत कार्यक्रम ठरला. पुढाकार ऋषिकेशचा होता. तो आता अठ्ठावीस वर्षांचा होता, बाजारात भाजीचा त्याचा जम बसला होता आणि दिवाळीनंतरच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो सरपंचपदाला उभा राहणार होता. मंडप त्यानं घातला. कस्तुराबाईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. शेजारच्या खुर्चीवर इंद्रभान होता, त्र्याऐंशी वर्षांचा, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेला. योगिनीनं कस्तुराबाईला शाल आणि नारळ दिला आणि सतरा नंबरमधली सुकडीची चार मिनिटं स्पीकरवर लावली.

आपलाच एकोणीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकून कस्तुराबाईनं हातातला नारळ खाली ठेवला. ती उठली आणि योगिनीच्या टेबलाशी गेली.

"पुढचं नाही ना लावलं?"

"पुढचं काय, आजी?"

"त्या बाईनं डब्बीवर लिहून ठेवलं होतं."

योगिनीच्या मागे दोन बाया फोटोसाठी उभ्या होत्या. वीज जायची वेळ जवळ आली होती. "सगळं सुरक्षित आहे, आजी," ती म्हणाली. "काळजी करू नका. तुमचा आवाज आता कायमचा राहील."

कस्तुराबाई परत खुर्चीवर येऊन बसली. पोरगी शिकलेली आहे, वाचलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं.

संध्याकाळी ऋषिकेशनं वेबसाइटची लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "आमच्या आजीचा आवाज. गावाचा अभिमान." पूर्ण कॅसेट त्यानं स्वतःही ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणीतरी ती शेवटपर्यंत ऐकली. चार वाजता पानठेल्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला जात होता, आणि मालेगावहून रिकामी कॅरेट घेऊन आलेला ऋषिकेश तिथे गाडी थांबवून उभा राहिला. ठेल्यावरच्या एकानं फोन बंद केला. ऋषिकेश म्हणाला, "चालू ठेव."

घरी आल्यावर तो सरळ ओसरीत गेला. इंद्रभान खाटेवर बसला होता. ऋषिकेशनं तो तुकडा लावून फोन आजोबांच्या कानाला लावला. कस्तुराबाई चुलीशी होती. तिथून तिला आवाज पोचत होता, आणि कोणतं वाक्य चाललं आहे तेही कळत होतं.

इंद्रभाननं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "अजून एक डाव लाव."

पुन्हा ऐकून झाल्यावर त्यानं फोन परत दिला. "पायली नाही," तो म्हणाला. "दोन पायल्या होत्या. तिनं एकच सांगतली."

ऋषिकेशनं फोन खिशात टाकला. त्याला विचारायचं होतं ते त्यानं विचारलं नाही. पुन्हा कधीच विचारलं नाही.

त्या दिवसापासून घरात कोणी कस्तुराबाईशी बोललं नाही. ऋषिकेशची बायको शुभांगी ताट आणून पायरीवर ठेवी आणि वळून जाई. कस्तुराबाई चुलीशी गेली की शुभांगी चुलीवरचं उतरवून घेई. चौथ्या दिवशी ऋषिकेशनं तिची गोधडी, लोटा आणि दोन लुगडी गाडीवर टाकली.

"इलेक्शन होईपर्यंत मळ्यात राहाय आजी," तो म्हणाला. "लोक येऊन राह्यले घरी. तू दिसली का इचारतात."

"मी काही बोलत नाही कोणाशी, बाबू."

"बोलायचं ते बोलून बसली तू."

मळ्यात मोटारपंपाची खोली होती, सहा फूट बाय आठ फूट. युरियाची रिकामी पोती एका बाजूला सारून त्यानं तिथे गोधडी टाकली. खिडकी विहिरीच्या बाजूला होती. ते त्याच्या लक्षात आलं की नाही, कस्तुराबाईला कळलं नाही. तिनंही ते सांगितलं नाही.

आठवड्यानं पंचफुला आली. गिरजाबाईची तीच पोरगी, आता त्रेपन्न वर्षांची, मानोरा तालुक्यात पोहरादेवीजवळ दिलेली. कोणीतरी तिच्या मुलाच्या फोनवर तो तुकडा पाठवला होता. दोन बस बदलून ती आधी मळ्यातच आली. हातात पिशवी तशीच होती.

"खरं हाय का काकी?"

कस्तुराबाईनं मान हलवली.

पंचफुलानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मले न्हाऊ घालत होती तू. माही येणी घालत होती. मी इचारे तुले, माय कशी मेली. दरसाली इचारे."

"लहान होती तू."

"लग्न झालं तईबी लहान होती? नातू झाला तईबी?"

"त्याईच्या घरी खाऊन राह्यली होती मी, पंचफुला. कोठी गेली असती?"

"परक्या बाईच्या टेपले सांगतलं," पंचफुला म्हणाली. "पोरीले नाही सांगतलं."

पंचफुला तिथून घरी गेली आणि तिनं बापाला विचारलं. इंद्रभान खाटेवरून न हलता म्हणाला, "धोंडा निसटला. तुह्या काकीनंच तं सांगतलं होतं पोलिसपाटलाले. इचार तिले, सांगतलं का नाही." शुभांगीनं पाण्याचा गडवा आणून ठेवला. तो तसाच ठेवून पंचफुला सडकेकडे निघाली, आणि मळ्यावरून जाताना तिनं आत पाहिलं नाही.

इकडे ऋषिकेश चार माणसं घेऊन कॉलेजात गेला होता. सरांनी त्याच तासात मुलाखती वेबसाइटवरून काढायला लावल्या. बायांची संमती कुठे लिहिलेली आहे का ते बघायला तिनं कपाट पुन्हा उघडलं, आणि तळाच्या फळीवर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, मंजुषा मॅडमची वही सापडली. सतराव्या क्रमांकासमोर तेच वाक्य होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या: "बाईंनी टेप बंद करायला लावला, विचार करून स्वतःच पुन्हा सुरू करायला सांगितला. हे खरं आहे आणि त्यांना ते मागे राहायला हवं आहे."

वही घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी चष्मा लावून वाचलं.

"ही बाहेर आली तर चूक कोणाची ठरेल?"

"माझी, सर."

"कॉलेजची. आणि तुमची पुढची ऑर्डर कोण काढणार मग?" त्यांनी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. "ही आपल्याला मिळालीच नाही असं समजा. ते लोक म्हणताहेत, बाईंची नवी मुलाखत घ्या. ती स्वतःच खुलासा करेल. रीतसर संमतीपत्र घ्या. जुन्या मुलाखतीला संमतीपत्रच नाही, ती तशीही ठेवता येत नाही."

हे नियमाला धरून होतं. योगिनीनं नियमावली पुन्हा वाचून पाहिली. बोलणाऱ्यानं लेखी मागणी केली तर मुलाखत काढून टाकावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

नव्या मुलाखतीच्या दिवशी शुभांगीनं मळ्यात येऊन कस्तुराबाईला आंघोळ घातली. पंधरा दिवसांत कोणी तिच्या अंगाला हात लावला नव्हता. पाठीवर गरम पाणी पडलं तेव्हा ती रडली, आणि शुभांगी म्हणाली, "डोळे लाल नोका करू आता. व्हिडिओ हाय." नवं लुगडं नेसवून तिला ओसरीत आणलं. खाटेवर इंद्रभान बसला होता. आयुष्यात कधी भासऱ्यासमोर ती बसली नव्हती. आज ऋषिकेशनं तिला त्याच्याच खाटेवर, शेजारी बसवलं, म्हणजे दोघं एका चौकटीत येतील. तिनं पदर पुढे ओढला. ऋषिकेशनं तो मागे सारला.

योगिनीनं स्टँडवर कॅमेरा लावला आणि संमतीपत्र मोठ्यानं वाचलं. मी ही मुलाखत स्वखुशीनं देत आहे. तिचा उपयोग संशोधनासाठी करण्यास माझी हरकत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

"दबाव नाही ना, आजी?" तिनं विचारलं. असं विचारावं, असंही नियमावलीत होतं.

कस्तुराबाईनं विचारलं, "त्या बाईची डब्बी कोठी हाय?"

"कोणती डबी?"

"जिच्यावर माह्यं नाव होतं."

योगिनीनं खाली पाहिलं. "फेकली, आजी. बुरशी लागली होती."

"वाचून फेकली का न वाचता?"

योगिनी कॅमेऱ्याचा स्टँड सरळ करू लागली. कॅमेऱ्याच्या मागून ऋषिकेश म्हणाला, "आजी, चाल. टाइम होऊन राह्यला."

ऋषिकेशनं शिकवलं होतं तसं कस्तुराबाईनं सांगितलं. दुष्काळात डोक्यावर परिणाम झाला होता. लोकाईच्या आयकीव गोष्टी होत्या, त्याच सांगतल्या. जाऊबाई विहिरीत गेली तेव्हा भासरे तिथे नव्हतेच. त्याईनं मले पोटच्या पोरीसारखं सांभाळलं.

सांगून होतं तोच रस्त्यावरून हॉर्न वाजवत एक फटफटी गेली. "आवाज आला," योगिनी म्हणाली. "पुन्हा घ्यावं लागेल."

दुसऱ्यांदा ऋषिकेशनं मध्येच थांबवलं. "हसून सांग आजी. असं तोंड केलं तं जबरदस्ती केल्यावाणी वाटते."

तिसऱ्यांदा कस्तुराबाई हसून बोलली. पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे ते हसू मोकळं आणि खेळकर दिसलं. शेजारी इंद्रभान मान डोलवत होता. संपल्यावर त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याला स्वतःलाच सुचलं. तिचं अंग आक्रसलं, ते चित्रफितीतही दिसतं, पण माहीत असलेल्यालाच.

मग दुसरा कागद, जुनी मुलाखत नष्ट करण्याचा. कस्तुराबाईनं पेन हातात धरलं आणि थांबली.

"हे केलं का ते पुसल्या जाईन?"

"हो."

"मी मेल्यावरबी नाही आयकू येणार?"

"नाही, आजी."

तिनं ऋषिकेशकडे पाहिलं. त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं. "मले घरी झोपू देशीन का रे?" तिनं विचारलं.

"देतो ना. इलेक्शन झालं का."

तिनं सही केली. मोठमोठी अक्षरं चौकटीबाहेर गेली. योगिनीनं पिशवीतून कॅसेट काढून ऋषिकेशच्या हातात दिली, कारण तशी मागणी होती. कॉलेजच्या संगणकावरची फाईल तिनं दुसऱ्या दिवशी पुसली. घरच्या पेनड्राइव्हवर एक प्रत होती, ती तिनं दोन दिवस ठेवली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाच्या ऑर्डरसाठी सरांनी बोलावलं, तेव्हा जाण्याआधी तिनं तीही पुसून टाकली.

ऋषिकेश निवडून आला. गुलालानं माखलेली मिरवणूक मळ्यावरून गेली, तेव्हा कस्तुराबाई खोलीच्या दारात उभी राहिली. आज नेतील, उद्या नेतील, असं करता करता कार्तिक गेला. एका सकाळी ती स्वतःच गोधडी काखेत घेऊन घरी गेली. शुभांगी दारातच उभी होती. "तिथीच बरं हाय ना तुमाले," ती म्हणाली. "मोकळी हवा हाय." गावात कोणी विचारलं तर ऋषिकेश सांगे, म्हातारीले मळाच आवडते, घरात करमत नाही तिले.

मेथीच्या वाफ्यावर चिमण्या येत होत्या. ऋषिकेशनं एक दिवस ती कॅसेट फोडली, आतली फीत काढली आणि या मेढीपासून त्या मेढीपर्यंत ताणून बांधली. पाखरं उडवायला गावात सगळेच जुन्या कॅसेटची फीत बांधतात, वारा सुटला की ती भणभणते. कस्तुराबाईनं ती बांधताना पाहिली आणि ती कोणती आहे हे तिला विचारावं लागलं नाही. ती खाली बसून खुरपत राहिली.

पुढच्या वर्षी योगिनीचा निबंध छापून आला. दुष्काळातल्या मृत्यूंभोवती अफवा कशा तयार होतात आणि म्हातारपणी बाया त्यांनाच आठवणी कसं समजू लागतात, याचं उदाहरण म्हणून तिनं सतरा नंबरची नवी मुलाखत वापरली होती. बाईंनी स्वतः हसत दिलेली कबुली म्हणून परिषदेत ती चित्रफीत दाखवली गेली. तिच्या संमतीपत्राचा नमुना दुसऱ्या दोन कॉलेजांनी मागून घेतला. तिला पीएच.डी. मिळाली. त्यानंतर शिरपूरला जायचं असलं की उमरगोट्याचा फाटा दिसू नये म्हणून ती बसच्या दुसऱ्या बाजूला बसे.

त्याच वर्षी माघात इंद्रभान आजारी पडला आणि पंचफुला बापाला भेटायला आली. दोन दिवस राहिली. परत जाताना बसला अवकाश होता, म्हणून ती मळ्यात वळली. कस्तुराबाई सांभाराच्या जुड्या बांधत होती. फार वाळली होती. एक डोळा नीट उघडत नव्हता. आसपास कोणी नव्हतं, मोटारही बंद होती.

पंचफुला बांधावर बसली. थोडा वेळ दोघी पिकाबद्दल बोलल्या. मग कस्तुराबाईनं हातातली जुडी खाली ठेवली.

"पंचफुला, तुह्या बापानं ढकलला तो धोंडा. माह्या डोयानं पाह्यलं. हे तुले सांगायचं राह्यलं होतं. आता इथी टेप नाही, काही नाही. तुलेच सांगून राह्यली."

पंचफुला म्हणाली, "पाह्यला मी तुहा दुसरा व्हिडिओ. हसून राह्यली होती तू त्याच्यात."

"हसवलं मले."

"तईबी कोणी बोलवलं असन मंग. पोलिसपाटलाले एक सांगतलं, टेपले एक, व्हिडिओत एक. आता अजून एक." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "बापानं काल माह्या हातून पेज पेली, काकी. पयल्यांदा माह्यं नाव घेऊन बोलावलं त्यानं. मले माय तं नाहीच आठवत. बाप हाय, तं राहू दे."

"खरं सांगून राह्यली मी तुले."

"असन," पंचफुला म्हणाली. "माह्याच्यानं आता नाही होत."

ती उठली. लुगड्याला लागलेली माती झटकली. पिशवीतून दोन केळी काढून तिनं पोत्यावर ठेवली आणि बांधावरून सडकेकडे गेली. पाच मिनिटांनी बस थांबल्याचा आणि मग सुटल्याचा आवाज आला.

कस्तुराबाईच्या अजून चाळीस जुड्या बांधायच्या राहिल्या होत्या. अंधार पडायच्या आत ऋषिकेश गाडी घेऊन येणार होता, आणि जुड्या तयार नसल्या की तो भाकरीचा डबा परत घेऊन जात असे. तिनं केळी खोलीत नेऊन ठेवली, परत येऊन बसली आणि सांभार ओढून घेतला.